सोलापुरात ट्युब्युलर टायरवर रोज कामाला: निवड, चिकटवणं, शिवणं आणि सराटे

सायकलच्या दुकानात ट्युब्युलर टायर मागितला की सोलापुरात मला आजवर एकच उत्तर मिळालंय: "ट्यूबलेस म्हणायचंय का सर?" नाही, ट्यूबलेस नाही. ट्युब्युलर म्हणजे ज्याच्या पोटात ट्यूब घालून खालून शिवून टाकलेलं असतं असा, नळीसारखा गोल बंद टायर. तो रिमच्या कडेत अडकत नाही, रिमवर चिकटवावा लागतो. एका दुकानदाराने तर मोठ्या उत्साहाने ट्यूबलेसचं सीलंट (आतून भोक बुजवणारा द्रव) आणि टेप बांधूनही दिली होती. घरी येऊन कळलं, ती टेप माझ्या काही उपयोगाची नव्हती.

मी या भानगडीत पडलो ते सेकंडहँड चाकांमुळे. शर्यतवाले गेल्या काही वर्षांत मोठ्या संख्येने ट्यूबलेसकडे वळले, त्यामुळे त्यांची जुनी ट्युब्युलर चाकं स्वस्तात मिळतात. पुण्याहून अशी एक जोडी घेतली, हलकी, सुरेख. तेव्हापासून जुळे सोलापूर ते अक्कलकोट रोड एमआयडीसी असं रोज जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर याच चाकांवर करतोय. टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो, शर्यतीशी माझा काही संबंध नाही. पहिल्या वर्षी ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नयेत म्हणून हे सविस्तर लिहितोय.

१. आधी रिम बघा

टायर मागवण्यापूर्वी जुना टायर काढून रिमला आतून हात लावा. नेहमीच्या रिमला दोन्ही बाजूंना उभ्या भिंती असतात आणि त्यांच्या कडा आत वळलेल्या असतात. टायरची तार त्यात अडकते. ट्युब्युलरची रिम तशी नसते. ती उथळ पन्हळीसारखी, गुळगुळीत, कडा बोथट. या दोन्हींत अदलाबदल होत नाही. नेहमीच्या रिमवर ट्युब्युलर चिकटवून "चालतंय की" म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका.

दुसरा घोळ मापाचा. ट्युब्युलरवर बरेचदा "28 इंच" लिहिलेलं असतं. आपल्याकडे 28 म्हटलं की दूधवाल्यांची काळी सायकल डोळ्यांसमोर येते, पण त्या सायकलीचा टायर रिमवर बसतो तिथला व्यास 635 मि.मी., म्हणजे माप पूर्ण वेगळं. ट्युब्युलरवरचं 28 हे 700 सी, म्हणजे शर्यतीच्या सायकलींच्या नेहमीच्या मापाच्या, चाकासाठी असतं. तेव्हा "28 आहे का" असं विचारू नका, "700 सी ट्युब्युलर" असंच म्हणा आणि रुंदी मि.मी.मध्ये सांगा.

सेकंडहँड चाक घेताना रिमवर जुना गोंद असेल तर घाबरू नका, तो सारखा पसरलेला असेल तर उलट कामाचाच. बघायचं ते ब्रेक जिथं घासतो ती बाजू किती झिजली आहे, आरे सगळे सारखे ताणलेले आहेत का, आणि आऱ्यांच्या भोकांपाशी बारीक तडे आहेत का. रोजच्या वापराला अ‍ॅल्युमिनियमची रिम घ्या. कार्बन दिसायला भारी, पण अशोक चौकातले खड्डे त्याला ओळखत नाहीत.

२. घ्यावं का? खरं सांगतो

तुमच्याकडे अशी चाकं नसतील तर मुद्दाम ट्युब्युलरच्या वाटेला जाऊ नका. साधा टायर-ट्यूब असलेली सायकल कुठेही दहा मिनिटांत नीट होते. एका बऱ्या ट्युब्युलरच्या पैशात साध्या सायकलचे तीन-चार टायर सहज येतात.

मग मी का चालवतो? रिमची कड बोथट असल्यामुळे खड्ड्यात चाक आपटलं तरी ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटून फुटण्याचा प्रकार जवळजवळ होत नाही. आणि हवा गेली तरी टायर चिकटलेला असल्याने जागेवर राहतो, चाक अचानक निसटत नाही. सावकाश थांबता येतं, अगदीच गरज पडली तर थोडं अंतर हळूहळू चालवतही येतं. शिवाय चालवताना येणारी मऊ, जिवंत लय. ती मात्र सांगून कळत नाही.

३. टायर निवडताना

रुंदी: रिमला आणि फ्रेमला बसत असेल तर 28 मि.मी., नाहीतर 25. जुन्या शर्यतीच्या चाकांबरोबर येणारे 21-23 मि.मी.चे टायर आपल्या रस्त्यांसाठी नाहीत.

कापड: टायरच्या जाहिरातीत दर इंचाला किती धागे ते लिहिलेलं असतं, 320 वगैरे. सोलापूरकराला धाग्यांचा हिशेब समजावून सांगायला नको, पण एक फरक लक्षात घ्या. चादरीत ताणा आणि बाणा एकमेकांत विणलेला असतो, टायरच्या कापडात तसं नसतं. एका थरात सगळे धागे एकाच दिशेने, दुसऱ्या थरात त्यांना छेदून तिरपे, आणि मध्ये रबर. त्यामुळे धागे एकमेकांवर घासत नाहीत आणि टायर लवचिक राहतो. धागे जितके बारीक आणि जास्त, तितका टायर मऊ धावतो आणि तितकाच नाजूकही असतो. शिवाय आकडा सगळे थर मिळून मोजलेला असू शकतो, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

कॉटनचा टायर चालवायला सुंदर, पण ओल लागली की बाजूचं कापड कुजतं. रोजच्या कामाला पॉलिस्टर किंवा नायलॉनचा, बाजूंनाही रबर असलेला आणि रस्त्याला लागणाऱ्या रबराखाली पंक्चररोधक पट्टी असलेला घ्या. व्हिटोरिया, कॉन्टिनेन्टल, श्वाल्बे, टुफो ही नावं तुम्हाला दिसतील. टुफोचे टायर घेताना एवढं ध्यानात ठेवा: त्यांच्या ट्युब्युलरला आत वेगळी ट्यूब नसते, उकलून शिवता येत नाही, पंक्चर झालं की सीलंटवरच भिस्त. म्हणजे ट्युब्युलर असून ट्यूबलेस! तो दुकानदार अगदीच चुकीचा नव्हता म्हणायचा.

आत ब्युटिलची, म्हणजे नेहमीच्या काळ्या रबराची, ट्यूब असलेला घ्या. लॅटेक्सच्या ट्यूबमधली हवा एका रात्रीत इतकी उतरते की रोज सकाळी पंप मारल्याशिवाय निघता येत नाही. आणि व्हॉल्व्हचा आतला गाभा फिरवून काढता येतो का ते विकत घेण्यापूर्वीच विचारा. सीलंट घालायचा रस्ता तोच आहे.

४. काय काय जवळ हवं

हे सगळं मागवून हातात आल्याशिवाय काम सुरू करू नका. गोंद अर्ध्यावर संपला तर पुढचं पार्सल येईपर्यंत सायकल भिंतीला टेकून राहते.

- टायर तीन: दोन चाकांना, एक जादा
- रिमचा खास गोंद: व्हिटोरियाचं मास्टिक वन किंवा कॉन्टिनेन्टलचं रिम सिमेंट (कॉन्टिनेन्टलचं अ‍ॅल्युमिनियमसाठी वेगळं आणि कार्बनसाठी वेगळं असतं, डबीवर बघून घ्या)
- अर्धा इंची स्वस्त ब्रश, दोन-तीन, वापरून फेकायचे
- अ‍ॅसिटोन, बारीक पॉलिश पेपर, हातमोजे, मास्किंग टेप
- दाब दाखवणारा उभा पंप
- पितळी अडॅप्टर, दोन (एक हरवतोच)
- सीलंट आणि सुईशिवायची सिरिंज
- मेण लावलेला जाड दोरा, जाड सुई, पातळ पॅच
- जुनी चादर, जमिनीवर अंथरायला. ती घरात असेलच
- टायरचं बिल. नव्या टायरची शिवण वाकडी निघाली तर बदलून घेताना बिल लागतं, म्हणून टायर चिकटवण्याआधीच हवा भरून फिरवून बघा

अडॅप्टरबद्दल: या टायरांचा व्हॉल्व्ह बारीक, वर छोटी चकती सोडवून मग हवा भरायची असा असतो. चौकातल्या पंक्चरवाल्याच्या पंपाला तो लागत नाही. अडॅप्टर लावला की मोटारसायकलची हवा भरणारं तोंड बसतं. पेट्रोल पंपावर मात्र यंत्र तुमच्या हातात नसेल तर भरू नका. हवा इतक्या पटकन शिरते की किती झाली हे कळायच्या आत काम झालेलं असतं.

५. चिकटवणं: इथं घाई नको

मी पहिल्यांदा काय केलं ते आधी सांगतो. रिमचा गोंद यायला दहा दिवस होते, धीर नव्हता, म्हणून चपला चिकटवायचं पिवळं सोल्युशन लावलं. तीन आठवडे मस्त चाललं. एप्रिलच्या दुपारी आसरा चौकाजवळ वळताना पुढचं चाक किंचित घसरल्यासारखं वाटलं. उतरून पाहिलं तर व्हॉल्व्ह तिरका झाला होता, म्हणजे टायर रिमवरून हळूहळू सरकत होता. मित्राला दाखवलं तर म्हणाला, "काय बे, चप्पल समजलास काय त्याला?" उपटायला गेलो तर गंमत अशी की काही ठिकाणी तो गोंद अजिबात धरत नव्हता आणि काही ठिकाणी इतका कडक झाला होता की टायरखालची, शिवण झाकणारी कापडी पट्टीच फाटून हातात आली. नवा टायर गेला.

रिमचा गोंद पूर्ण कडक होत नाही, चिवट राहतो. म्हणून तो धरतोही आणि गरज पडल्यावर सुटतोही. दुसरा कुठलाही गोंद नको. पंक्चरचं सोल्युशन तर नकोच नको.

पहिला टप्पा: नवा टायर कोरड्याच रिमवर, गोंद न लावता, चढवा आणि पूर्ण हवा भरून एक-दोन दिवस ठेवा. ताणला की पुढचं काम सोपं. नवी रिम असेल तर पॉलिश पेपर हलका फिरवा आणि अ‍ॅसिटोनने पुसा. बोटाचा तेलकट डागही राहता कामा नये. ब्रेक घासतो त्या बाजूंना मास्किंग टेप लावा.

दुसरा टप्पा: टायर काढा. रिमवर गोंदाचा पातळ थर द्या, कडेपर्यंत. टायर खरा सुटतो तो कडेपासून, मध्यापासून नाही. व्हॉल्व्हच्या भोकात गोंद जाऊ देऊ नका. टायरमध्ये अगदी थोडी हवा भरा, इतकीच की खालची पट्टी उलटून बाहेर यावी, आणि तिच्यावरही एक थर. रात्रभर वाळू द्या. सकाळी रिमवर दुसरा थर, तो वाळल्यावर जमलं तर तिसरा. तीन पातळ थर एका जाड थरापेक्षा कितीतरी बरे. जाड थर वरून सुकतो, आत ओलाच राहतो. जुन्या रिमवर आधीचा गोंद सारखा असेल तर नुसता एक नवा थर पुरतो. गाठी असतील तेवढ्याच खरवडा.

तिसरा टप्पा, चढवण्याचा. रिमवर शेवटचा पातळ हात. डबीवर जेवढं थांबायला सांगितलंय ते थंड हवेचं गणित आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 44-45 अंशांपर्यंत जातो तेव्हा गोंदावर काही मिनिटांत साय धरते. म्हणून हे काम सकाळी सातच्या आत, पंखा बंद ठेवून. पंख्याने धूळही बसते आणि गोंदही आधीच सुकतो.

चादरीवर रिम उभी धरा, व्हॉल्व्हचं भोक वर. टायरमध्ये आकार राहील एवढीच हवा. व्हॉल्व्ह भोकात सरळ घाला, मग दोन्ही हातांनी दोन्हीकडून एकदम टायर खाली ओढत आणा, सगळं वजन टाकून. खाली चार बोटांचा भाग उरतो तेव्हा चाक उचलून मांडीवर घ्या आणि दोन्ही अंगठ्यांनी तो वर ढकला. इथं शिव्या येतात, येऊ द्या. फक्त स्क्रू ड्रायव्हर किंवा पाना घालू नका.

आता थोडी हवा भरून चाक फिरवा. खालची पट्टी दोन्ही बाजूंना सारखी दिसते का? जिथं टायर डोलतो तिथं हाताने सरळ करा, गोंद ओला आहे तोवर होतं. मग पूर्ण हवा भरा, चाक जमिनीवर दाबून फिरवा आणि चोवीस तास हात लावू नका.

तपासणी: दुसऱ्या दिवशी हवा काढून अंगठ्याने टायर एका बाजूला जोरात ढकला, पूर्ण चाकभर. कुठेही फट दिसली तर तेवढं उचलून पुन्हा गोंद. ही तपासणी मी दर महिन्याला करतो, मार्च ते मे दर पंधरा दिवसांनी.

गोंदाऐवजी दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेपही मिळते. काम स्वच्छ, एका दुपारी होतं. पण टेपवर बसवलेला टायर रस्त्यात हातांनी उपटणं फार अवघड जातं, म्हणून रोजच्या वापराला मी गोंदच धरून आहे.

६. हवा

मी सत्तर किलोचा. 28 मि.मी.च्या टायरला मागे 85 पीएसआय, पुढे 78. तुमचं वजन जास्त असेल तर थोडं वर, कमी असेल तर खाली. टायरच्या बाजूवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नका. आठवड्यातून दोनदा बघा. अंगठ्याने दाबून कळतं असं म्हणणाऱ्यांना 60 आणि 80 मधला फरक ओळखून दाखवायला सांगा.

उन्हात सायकल लावली की दाब वाढतो. सकाळी 25 अंशांना 85 भरलेला टायर उन्हात 55 अंशांपर्यंत तापला तर साधारण 95 होतो. एवढ्याने टायर फुटत नाही. मऊ पडतो तो गोंद. त्यामुळे कारखान्यात सायकल सावलीत लावायची परवानगी मागून घ्या. आमच्या सुपरवायझरने सुरुवातीला हसून घेतलं, आता टॉवेलच्या गाठींशेजारी माझी जागा ठरलेली आहे.

७. सराटे

सोलापुरात पंक्चरचं पहिलं कारण सराटा. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला जमिनीसरशी पसरलेली, पिवळ्या पाच पाकळ्यांच्या फुलांची वेल दिसते ना, तीच. पावसाळा सरला की फळ वाळून पाच तुकड्यांत फुटतं, प्रत्येक तुकड्याला दोन मोठे काटे. कसाही पडला तरी एक काटा वर. दसऱ्यापासून पुढे मोकळ्या प्लॉटवरून आणि रस्ता सोडून कडेच्या मातीवरून सायकल नेऊ नका. चालत नेली तरी टोचतोच.

त्यावर उपाय सीलंट. व्हॉल्व्हचा गाभा काढून सिरिंजने 25-30 मि.ली. घालायचं, चाक फिरवायचं. सराट्याचं भोक बारीक असतं, सीलंट ते बुजवतं. काटा उपटल्यावर भोक खाली येईल असं चाक धरा आणि थोडं थांबा. आपल्या उन्हात सीलंट लवकर वाळतं, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा घालावं लागतं. चाक कानाजवळ हलवून आत पाण्याचा आवाज येतो का ऐका.

वेडी बाभूळ ही वेगळी गोष्ट. कुंपणाला तोडून लावलेली फांदी रस्त्यावर आली की तिच्या काट्यापुढे सीलंट, पट्टी सगळं हात टेकतं. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांमागे पडलेल्या तारांचंही तेच.

८. रस्त्यात हवा गेली तर

बैठकीखाली एक जादा टायर कायम हवा, आणि तो एकदा चिकटवून काढलेला जुना टायर असला तर उत्तम, कारण त्याच्या पट्टीवर गोंद आधीच असतो. घडी घालताना पट्टी आत, रबर बाहेर. मोज्यात घालून बांधा. कोरा टायर बिनगोंदाचा बसवून घरी जायचं धाडस करू नका.

व्हॉल्व्हच्या बरोबर समोरच्या बाजूने अंगठ्यांनी टायर ढकलत सोडवायला सुरुवात करा. मी चिकटवताना त्या जागी चार बोटं गोंद मुद्दाम पातळ ठेवतो. जादा टायर चढवा, पूर्ण हवा भरा आणि घरी सरळ, हळू जा. वळणावर सायकल झुकवायची नाही. रात्री पुन्हा नीट चिकटवा.

९. शिवण

फेकून देऊ नका, टायर शिवता येतो. माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो भोक शोधण्यात. पाण्यात बुडवलं की बुडबुडे व्हॉल्व्हपाशी येत, आणि मी तिथलीच शिवण उकलून बसलो. भोक निघालं वीतभर लांब. आतली हवा कापडाच्या आतून सरकत जिथं वाट मिळेल तिथून बाहेर पडते. म्हणून आधी बाहेरच्या रबरावर काटा किंवा चीर शोधा. तीच जागा.

तिथली खालची पट्टी दहा-बारा सें.मी. सोडवा. शिवण उकलण्याआधी पेनने शिवणीला आडव्या रेघा मारा, सेंटिमीटरवर एक, म्हणजे परत जोडताना दोन्ही कडा जिथल्या तिथं येतील. ब्लेडचं तोंड वर ठेवून सहा-सात सें.मी. टाके कापा, ट्यूब बाहेर ओढा, पातळ पॅच लावा. काटा अजून कापडात अडकलेला असतो, तो शोधून काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग ट्यूब आत सारून तिच्यावर प्लास्टिकच्या कार्डाची पट्टी ठेवा, म्हणजे सुई ट्यूबला लागणार नाही. जुन्याच भोकांतून शिवा. नवी भोकं पाडलीत तर कापड फाटतं. टाके जास्त घट्ट ओढलेत तर टायरला तिथं पोक येतो.

मला शिवण जमत नव्हती. आमच्या कोपऱ्यावर चपला शिवणाऱ्या मामांकडे नेला. त्यांनी टायर उलटसुलट पाहिला, म्हणाले, "हे तर बुटासारखंच आहे की." दहा मिनिटांत माझ्यापेक्षा सरळ टाके घातले आणि जुनी भोकं सोडून एकही नवं पाडलं नाही. पट्टी परत कापडावर चिकटवायला त्यांनी काय काढलं असेल? तेच पिवळं सोल्युशन. इथं मात्र ते चालतं, कारण इथं कायमचंच चिकटवायचं असतं.

१०. पाऊस आणि माळा

पावसात भिजून आलात तर व्हॉल्व्हचं भोक खाली करून रिममधलं पाणी निथळू द्या आणि टायर कोरड्या फडक्याने पुसा. बाजूचं कापड उघडं दिसायला लागलं असेल तर द्रव लॅटेक्सचा पातळ हात द्या.

जादा टायर पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका. माझे दोन तिथं एका उन्हाळ्यात चिरा पडून वाया गेले. टायर ठेवायला कपाटातला खालचा, अंधारा कप्पा बरा. जुन्या रिमवर चढवून, थोडी हवा भरून ठेवला तर आणखी चांगलं.

रबर झिजून खालचे धागे दिसले, बाजूला फुगवटा आला, किंवा खालची पट्टी दोनदा लावूनही सुटू लागली, तर तो टायर जादा म्हणूनही ठेवू नका. त्यातली ट्यूब मात्र काढून घ्या. ती कापून चांगले पॅच होतात.